चिल्ल्याचा घास

जरीनानं कपाटाच्या दारावर, आरशाच्या बाजूला, एक कागद चिकटवला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेला. पहिले दोन आठवडे पाणी, पेज, गाळलेलं सूप. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं पातळ. मग आठवा आठवडा संपेपर्यंत मऊ, चमच्यानं दाबलं तर मोडेल असं. त्यानंतर रोजचं जेवण, तेही एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि दोन दिवस थांबून मग दुसरा. खाली लाल शाईत दोन ओळी होत्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत. उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच फोन करा. त्या अख्ख्या कागदात चाळीस हा आकडा कुठेही नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं सगळे जण तो आकडा डॉक्टरांच्या कागदाहून मोठा मानायला लागले.

सादिकचं अहेरीच्या बाजारात गादी भांडार होतं. घराणं पिंजाऱ्यांचं. बाप धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव फिरला, सादिकनं कापूस पिंजायची मशीन आणली आणि आश्रमशाळांना गाद्या पुरवून नाव कमावलं. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात; विठोबाच्या जागी दुसरं कुणाचंही नाव ठेवा, सादिकचा पोटोबा पहिलाच. बेचाळिसाव्या वर्षी त्याचं वजन एकशे चौसष्ट किलो होतं. गादी शिवायला जमिनीवर मांडी घालावी लागते. ती कधीच सुटली होती. तो तख्तावर बसून टाके कसे घालायचे ते कारागिरांना ओरडून सांगायचा. मशिदीत मागच्या ओळीत त्याच्यासाठी खुर्ची असायची, कारण वाकून कपाळ जमिनीला टेकवणं त्याच्या अंगाला झेपत नव्हतं. झोपेत श्वास अडकायचा. चंद्रपूरच्या डॉक्टरनं जरीनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर दोन वर्षं धरा.

आणि त्याला एवढा केला कुणी? जरीनानंच. लग्नाला बावीस वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. लेकरांच्या तोंडात घालायचे सगळे घास तिनं नवऱ्याच्या तोंडात घातले. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तो ताट चाटूनपुसून उठला की तिला आपण कुणाच्या तरी कामी आलो असं वाटायचं, आणि ते वाटणं सोडवत नव्हतं.

दोन हजार आठच्या जानेवारीत नागपूरला ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग कापून काढला, केळ्याएवढं उरलं. डॉक्टर जरीनाला म्हणाले, "माझं काम संपलं. आता हे जगतात की नाही, ते तुमच्या स्वयंपाकघरावर आहे. आठ आठवडे सांभाळा." तिनं मान डोलावली आणि मनातल्या मनात कुराणावर हात ठेवला.

तिनं सांभाळलंही. अर्धी वाटी पेज भरवायला अर्धा तास लागायचा, ती अर्धा तास बसायची. गोळ्यांच्या वेळा तिनं कागदाखाली लिहून ठेवल्या होत्या. घरात फोडणी द्यायची नाही, कारण वासानं सादिकच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती स्वतः मागच्या अंगणात उभ्यानं भाकर-चटणी खायची.

या सगळ्यात तिला खरी साथ दिली ती सोमारीनं. सोमारी माडिया बाई, सूरजागडच्या डोंगराकडच्या एका गावातली. धानकापणी झाली की ती अहेरीला यायची, पावसाळ्यापर्यंत सादिकच्या शेडमध्ये राहायची आणि उशांसाठी सावरीच्या कापसातून बिया वेचायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा तिनं कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ह्याच्यात का लिवलं हाय?" जरीनानं वाचून दाखवलं. सोमारी लक्ष देऊन ऐकत राहिली, मग हसली.

"हे तं पंडुम हाय," ती म्हणाली. "आमच्या गावात आंबा झाडाले लटकून राह्यते, पोट्टे रडते, पन मरका पंडुम होयेपर्यंत कोनी तोंडाले लावत नाई. पूजा झाली का मंग आंबा उघडला. वालाचं पंडुम येगळं, मोहाचं येगळं. एकएक करून उघडा लागते. सारं एकाच दिवशी उघडलं तं मानूस टिकत नाई."

"कोनी चोरून खाल्लं तं?" जरीनानं विचारलं.

"काऊन खाईन? मराचं हाय का त्याले?"

त्या दिवसापासून सोमारी पहारेकरी झाली. सादिकला ती भाऊ म्हणायची; त्याच्यासाठी ती स्वतः जावा करून आणायची, म्हणजे कण्यांची पातळ आंबील. दुकानातल्या कुणी सादिकला बिस्कीट देऊ केलं, तर ही बाई त्याच्या हातावर चापट मारायची. सादिक तिला चिडवायचा, "सोमारी, तुह्या देवाले सांग ना, मले एक समोसा उघडून दे म्हणा!" सगळे हसायचे. पस्तिसाव्या दिवशी त्याचं वजन एकशे त्रेचाळीस भरलं. त्याच दुपारी त्यानं खोलीत चादर अंथरली, गुडघे टेकले आणि हळूहळू वाकत कपाळ जमिनीला लावलं. सहा वर्षांनी. बराच वेळ तो उठलाच नाही. जरीना घाबरून धावली तर तो रडत होता. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तीही रडली. त्या संसारातला त्याच्याहून चांगला दिवस तिला आजही आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी निशात आपा आली.

निशात आपा म्हणजे सादिकची थोरली बहीण, चंद्रपूरला दिलेली. सादिक चार वर्षांचा असताना आई गेली. आपानं त्याला कडेवर वाढवलं. बाई मनानं वाईट नव्हती. वाईट असती तर तिला दारातूनच परत पाठवता आलं असतं. तिनं भावाचे लोंबणारे दंड पाहिले, बसलेले गाल पाहिले आणि दारातच हंबरडा फोडला. मग डोळे पुसून बोटांवर मोजलं आणि भावजयीला विचारलं.

"दुल्हन, शुक्करवारी चिल्ला होते ना?"

चिल्ला म्हणजे चाळीस दिवस. बाळंतिणीचे चाळीस, मातमचे चाळीस, मोठ्या दुखण्यातून उठलेल्याचे चाळीस. चाळिसाव्या दिवशी आजाऱ्याला गुस्ल द्यायचा, म्हणजे आंघोळ. नवे कपडे घालायचे, फातिहा द्यायचा, आणि घरच्या बाईनं आपल्या हातानं त्याला पोटभर जेवणाचा पहिला घास द्यायचा. तो घास गिळला की परहेज, म्हणजे पथ्य, सुटलं, दुखणं संपलं. आपानं असे कितीतरी चिल्ले उठवले होते आणि एकही माणूस दगावला नव्हता. हे तिचं शास्त्र. आपल्या शास्त्रावर तिचा विश्वास डॉक्टरपेक्षा कमी कशाला असेल?

"आपा, डाक्टरनं आठ हप्ते सांगतले," जरीना म्हणाली.

"डाक्टर काईबी सांगते. चाळीसच्या वर परहेज राह्यलं तं इन्सान बिमारीचाच होऊन जाते. तुह्या घरात चिल्ला कधी झाला नाई, म्हणून तुले मालूम नाई."

आपा सहज बोलून गेली. पण ते वाक्य जरीनाच्या काळजात जाऊन बसलं. खरंच होतं ते. बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चिल्ल्यांना गेली. मेथीचे लाडू करून नेले, दुसऱ्यांची बाळं मांडीवर घेतली, पहिला घास भरवणाऱ्या हातांकडे बाजूला उभी राहून पाहिलं. तिच्या उंबऱ्याच्या आत चाळीस दिवस कधी मोजलेच गेले नव्हते. आता मोजले गेले होते. देगी चढणार होती, बायका येणार होत्या आणि पहिला घास तिचा हात देणार होता. हे तिला हवं होतं. कबूल करायला लाज वाटेल इतकं हवं होतं.

गुरुवारी दुपारी आपा मटण सांगायला बाजारात गेली. सादिकनं जरीनाला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "आयक. मले भेव वाटते. डाक्टरनं आठ हप्ते सांगतले, आपल्याले साडेपाचच झाले. आपाले माह्या तोंडून नाई म्हणवत नाई, तिनं मले वाढवलं. तू म्हण ना. तू नाई म्हणजो."

एवढा मोठा माणूस, आणि बहिणीची भीड! जरीनाला हसू आलं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "काई नाई होत," ती म्हणाली. "थोडंसंच खाजा. लोकं येऊन राह्यले, आता कसं नाई म्हणता?"

तो भिंतीकडे कूस वळवून पडला.

शुक्रवारी कडुनिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं. सादिकला पांढरा कुर्ता घातला. जुना घातला तर त्यात दोन सादिक मावले असते म्हणून आपानं नवा शिवून आणला होता. अंगणात बगाऱ्या भाताची देग, मटणाची देग, रोट्यांची चळत. बायका म्हणाल्या, माशाल्ला, नवरदेव दिसून राह्यला. सोमारी शेडच्या दारात उभी होती. तिनं जरीनाला बाजूला ओढलं.

"बाई, सारं एकाच दिवशी उघडून राह्यले का?"

"आमच्यात असंच असते सोमारी."

"देव कोनाचाबी राहो बाई, पोट तं तेच हाय ना," सोमारी म्हणाली आणि परत कापसापाशी जाऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

जरीनानं रोटीचा तुकडा मोडला, त्यात मटणाची बोटी धरली आणि नवऱ्याच्या तोंडात दिली. सादिकनं डोळे मिटले. चावला, चावला, गिळला. बायकांनी दुवा दिली. दुसरा घास आपानं दिला, तिसरा शेजारच्या खालानं. पाचव्या घासाला त्यानं छातीवर हात ठेवला. तोंडातून लाळेची धार लागली, डोळे लाल झाले, मान ताठरली. मग तो न्हाणीच्या मोरीवर तासभर ओकत बसला. "निकलू दे," आपा पाठ चोळत म्हणाली. "बिमारीच निकलून राह्यली."

संध्याकाळी जरीनानं गोळ्यांची पाकिटं उचलली. चिल्ला झाला, आता दवा घेणं म्हणजे अल्लानं दिलेल्या शिफाचा, बरं केल्याचा अपमान, असं आपाचं म्हणणं. आणि तसंही सगळं उलटून पडत होतं, गोळी तरी कुठं टिकणार? तिनं ती पाकिटं कपाटात ठेवली, त्याच कागदाच्या आतल्या बाजूला.

त्यानंतरचे तीन आठवडे सांगताना जीभ जड होते. सादिक खायचा आणि ओकायचा. अशक्त झाला म्हणून आपा आणखी भरवायची. तो आणखी ओकायचा. जरीना परत पेजेवर आली, तर पेजही टिकेना. नागपूरहून दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. "सर विचारतात, कसं चाललंय? उलट्या वगैरे?"

जरीनानं कागदाकडे पाहिलं. लाल ओळी समोरच होत्या. पण खरं सांगायचं तर चिल्ल्याचं सांगावं लागलं असतं, मटणाचं सांगावं लागलं असतं, आणि त्या डॉक्टरसमोर आपण मान डोलावली होती. ती म्हणाली, "नाई मॅडम, सारं बराबर हाय." फोन ठेवला आणि तिथंच खाली बसली. शरम माणसाकडून काय करवून घेईल याचा नेम नाही. त्या एका वाक्यासाठी जरीना स्वतःला कधीच माफ करणार नाही, आणि इतरांनी करावं असंही तिला वाटत नाही.

नवव्या आठवड्यात सादिक भिंत धरून चालायला लागला. मग म्हणाला, खोलीत दोन जरीना दिसून राह्यल्या. आपा म्हणाली, नजर लागली. लिंबू उतरवला, ताईत बांधला. एका सकाळी त्यानं सोमारीला "अम्मी" म्हणून हाक मारली आणि अब्बा धुनकी घेऊन कुठल्या गावी गेले ते विचारलं. सोमारीनं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"बाई, इकडं या. भाऊचे डोये नाचून राह्यले," ती म्हणाली. "ताईत नको बांधू आता. गाडी सांग."

जीप आष्टीवरून चंद्रपूर, चंद्रपूरवरून नागपूर. डॉक्टरांनी सादिकचे डोळे पाहिले, त्याला उभं करून पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या?" जरीनानं पिशवी उघडून पाकिटं टेबलावर ठेवली. भरलेली. डॉक्टरांनी ती एकेक उलटून पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तीन आठवडे पोटात काही टिकलं नाही. एक साधं जीवनसत्त्व लागतं मेंदूला, तेही गेलं नाही. पोटाचं मी सांभाळू शकतो. मेंदू उपाशी राहिला, बाई."

इंजेक्शनं सुरू झाली. डोळे आठ दिवसांत स्थिर झाले. महिन्याभरात सादिक काठी घेऊन चालू लागला. पेज टिकली, वरण टिकलं, मऊ भात टिकला. जीव वाचला. फक्त त्याच्या डोक्यात नवीन काही थांबेना. सकाळी सांगितलेलं दुपारी पुसलेलं. दवाखाना, जीप, उलट्या, यातलं काहीच त्याला आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडं सुधारेल कदाचित. फार आशा धरू नका. आपा चंद्रपूरला उतरली ती परत अहेरीला आली नाही. फोन करते, रडते, ठेवते. जरीना तिला दोष देणार कशी? बोलायला तोंड कुठं होतं?

मे महिन्याच्या शेवटी सोमारी गावाकडे जाऊन परत आली. पदरात बांधून सात-आठ आंबे आणले होते. "मरका पंडुम झालं बाई, आंबा उघडला," ती म्हणाली. जरीनानं कागद पाहिला. अठरावा आठवडा चालू होता. कागदाच्या हिशेबानं सादिकचं सगळं खाणं कधीच उघडलेलं होतं. तिनं एक आंबा पिळला, रस गाळून अर्धी वाटी घेतला आणि खोलीत गेली.

सादिक तख्तावर बसला होता. अंगात तोच पांढरा कुर्ता, आता तोही ढिला. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, मग लगेच काळजीनं आखडला. त्यानं दाराकडे नजर टाकली आणि तिला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला.

"आपा बाजारात गेली ना?"

"हो."

"आयक. उद्या चाळीसवा दिवस. मले भेव वाटते. डाक्टरनं आठ हप्ते सांगतले. आपाले माह्या तोंडून नाई म्हणवत नाई. तू म्हण ना. तू नाई म्हणजो."

काल सकाळी त्यानं हेच सांगितलं होतं. परवा दोनदा. दवाखान्यातून आल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता. तेच शब्द, तोच खाली आणलेला आवाज, तिच्यावरचा तोच भरवसा. बाकी सगळं पुसून गेलं, आणि नेमका हाच एक गुरुवार त्याच्यापाशी उरला.

पहिल्या वेळी ती खोलीतून पळाली होती. आता पळत नाही.

"म्हटलं मी आपाले," जरीना म्हणाली. "साफ नाई म्हणून सांगतलं. देगी परत पाठवल्या, लोकायले येऊ नका म्हटलं."

"खरंच?"

"खरंच."

"रागावली का आपा?"

"रागावू द्या. तुमी हे घ्या."

सादिकनं मोठा सुस्कारा सोडला. खांदे सैल झाले. "मले मालूम होतं," तो म्हणाला, "तू संभाळशीन." मग शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं, आणि जरीना त्याला चमच्या-चमच्यानं रस भरवू लागली. दारात सोमारी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि शेडकडे निघून गेली. वाटी संपायला अर्धा तास लागला. सादिकनं ओठ पुसले आणि दाराकडे नजर टाकली.

"जरीना," त्यानं आवाज खाली आणला, "आपा बाजारात गेली ना?"